जनगणनेतील कोरा रकाना : इंगल्स घराण्याचा माग

१/५
लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ (१९३५) या कादंबरीतील ‘पा’ म्हणजे लेखिकेचे वडील चार्ल्स इंगल्स (१८३६–१९०२). या वसाहतकाराचा कुलवृत्तान्त जुळवायचा, तर कादंबरी बाजूला ठेवून दफ्तरे उघडावी लागतात.

२/५
चार्ल्स यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातला. इलिनॉय, विस्कॉन्सिन आणि १८६९ मध्ये कॅन्सस, असे हे बिऱ्हाड नव्या जमिनीच्या शोधात हलत राहिले.

३/५
कादंबरीत धाकटी कॅरी तान्ही असून प्रवासाच्या आरंभापासूनच सोबत आहे. घरच्या बायबलातील जन्मनोंद मात्र निराळे सांगते : ३ ऑगस्ट १८७०, माँटगोमेरी काउंटी, कॅन्सस. म्हणजे तिचा जन्मच मुळी त्या माळरानावर झाला.

४/५
त्याच महिन्यात जनगणना अधिकारी तेथे पोहोचला. त्याने कुटुंबाची नावे लिहिली; स्थावर मालमत्तेच्या किमतीचा रकाना मात्र कोरा ठेवला. जमीन ओसेज लोकांची होती, वसाहतकारांची तिच्यावर मालकी नव्हती.

५/५
१८७१ मध्ये इंगल्स कुटुंब विस्कॉन्सिनला परतले. पुढे डकोटात त्यांना होमस्टेड कायद्याखाली हक्काची जमीन मिळाली. ओसेजांना मात्र १८७० च्या कायद्यानंतर कॅन्सस सोडून आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. एका घराण्याची वंशावळ शोधताना दुसऱ्या समाजाच्या विस्थापनाची साक्ष हाती येते, ती त्या कोऱ्या रकान्यातून.