तठे काय शे?

जुन्या दगडांना मान हवा असेल तर त्यांनी आपल्या गावापासून निदान दोन विमानं बदलावी लागतील इतक्या लांब असावं. शेजाऱ्यांचा पुतण्या मेक्सिकोत जाऊन माया लोकांचं चिचेन इत्झा पाहून आला. तिथल्या पिरॅमिडला म्हणे वर्षाच्या दिवसांइतक्या ३६५ पायऱ्या, आणि पर्यटकांना त्या चढायला मनाई! तरी आमच्या सोनगीरात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. "आपणही एकदा जाऊन येऊ," असा ठराव ओट्यावर एकमतानं पास झाला आणि विमानाच्या तिकिटाचा आकडा कळताच तितक्याच एकमतानं रद्द झाला.

तेव्हा मी थाळनेर सुचवलं. आग्रा रोडनं शिरपूर, तिथून उजवीकडे वळलं की तापीकाठी थाळनेर. सगळा मिळून पन्नासेक किलोमीटरचा मामला.

आप्पांनी अडकित्ता थांबवून विचारलं, "तठे काय शे?"

आता तिथे काय नाही! १३७० साली फिरोजशहा तुघलकानं मलिक राजाला थाळनेरची जहागीर दिली आणि तिथून फारुकी घराणं उभं राहिलं. १६०१ साली अकबरानं असीरगड घेईपर्यंत या मुलखावर त्यांचंच राज्य. या खानांचा देश म्हणून 'खानदेश', असं एक मत आहे. मलिक राजाचा मुलगा नासिर खान यानं असीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवलं. एवढं होऊनही भावाकडे असलेलं थाळनेर त्याच्या डोळ्यांत सलत होतंच; तेही १४१७ साली माळव्याची कुमक आणून काढून घेतलं. हे ऐकून आप्पा एकदम गप्प झाले. त्यांचा धाकट्या भावाशी बांधाचा दावा चालू आहे. मात्र बुऱ्हाणपूरला एवढी भरभराट होऊनही हे पहिले फारुकी निजले ते थाळनेरलाच. नोकरी कुठेही करा, शेवटी माणूस गावी यायचा!

पण मला तिथे जायचंय ते किल्ल्यासाठी. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानं होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा आपला मुलूख इंग्रजांना देऊन टाकला. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन थाळनेरसमोर उभा राहिला. किल्लेदार तुळशीराम यानं आधी तोफा डागल्या, मग बाहेर येऊन तो स्वाधीनही झाला. आत अरब शिबंदी होती. दाराशी तिची इंग्रजांशी बोलणी सुरू झाली. पण याची भाषा त्याला कळेना, त्याची याला. त्यातून गोंधळ उडाला आणि दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. मग आतली सुमारे तीनशे माणसं कापली गेली. आणि आधीच हाती आलेल्या तुळशीरामाला फाशी दिलं! गुन्हा काय, तर तह झाल्यावर लढला. पुढे १८१९ साली लंडनच्या पार्लमेंटात सैन्याच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा या फाशीबद्दल हिस्लॉपवर प्रश्न निघाले. म्हणजे बघा, थाळनेरला काय झालं ते लंडनला ठाऊक, आणि सोनगीरकर विचारतात, "तठे काय शे?"

आप्पांनी बराच वेळ सुपारी चघळली. मग हळूच म्हणाले, "चूक कोनी व्हती?"

दोनशे वर्षांनी का होईना, तुळशीरामाबद्दल आमच्या ओट्यावर कुणी चौकशी केली. मी म्हटलं, "आप्पा, हेच तर जागेवर उभं राहून बघायचंय. कुठून तोफ आली, कुठून माणूस बाहेर आला."

बेत ठरला. उन्हाळ्यात खानदेशात फिरायला फक्त सूर्यच निघतो, तेव्हा डिसेंबरातला रविवार धरला. बरोबर वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी. "अहो, तिथे सावली आहे का?" एवढाच प्रश्न आमच्या मंडळींनी विचारला, आणि सगळ्या बेतात तोच सर्वांत शहाणपणाचा होता. तापीकाठी झाडं आहेत, असं सांगून मी त्यांचंही मत मिळवलं.

आता जागा आठ, नावं तेरा. जीपवाल्याशी बोलायचं काम आप्पांनी आपण होऊन अंगावर घेतलंय. म्हणाले, "भाडं मी अहिराणीतच ठरावसू. दुसरी भाषा काढाल ना भाऊ, तर तठेबी गोंधळ व्हई!"