घनश्यामची तालीम

पेडगावच्या घरी टेबलावर दोन आत्मचरित्रे उघडी आहेत. चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ 1957चे, विश्राम बेडेकरांचे ‘एक झाड आणि दोन पक्षी’ 1984चे. दोघेही बळवंत संगीत मंडळीत वावरलेले, दोघांनाही साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला. साक्षीदार इतके छान लिहिणारे असले, की मला जरा सावधच व्हावे लागते.

नटाचे नाव जाहिरातीत येते, भूमिका लोकांच्या तोंडी राहते. तालीम कशी घेतली याचा मात्र कागद सहसा उरत नाही. कोल्हटकर (जन्म 1891) नट होते, कंपनीचे भागीदार होते आणि दिग्दर्शकही. यांतला दिग्दर्शक हुडकायचा तर आठवणींशेजारी तारखा मांडून पाहाव्या लागतात.

1918 मध्ये किर्लोस्कर मंडळी सोडून दीनानाथ मंगेशकर, कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी ‘बळवंत’ काढली. कंपनीसाठी राम गणेश गडकरी ‘भावबंधन’ लिहीत होते. 23 जानेवारी 1919 रोजी सावनेरला गडकरी गेले. नाटक रंगभूमीवर आले ते त्यानंतर. म्हणजे पडदा वर गेला तेव्हा ‘हे वाक्य असे नव्हे’ म्हणून सांगायला लेखक विंगेत नव्हता. जे काही ठरवायचे ते कंपनीनेच.

आता पात्रयोजना पाहा. लतिका झाले दीनानाथ. जन्म डिसेंबर 1900, म्हणजे वय अठरा-एकोणीस. घनश्याम कोल्हटकरांकडे, वय अठ्ठावीस. लतिकेने घनश्यामचा पाणउतारा करायचा आणि त्या अपमानाने पेटून त्याने पुढे सूड उगवायचा. नाटकाची सारी कळ तिथे आहे. तो पाणउतारा गुळमुळीत झाला तर पुढचा घनश्याम नुसता आरडाओरडा ठरतो. दहा वर्षांनी थोरल्या भागीदाराला रोज रात्री तोंडावर झोंबेल असे बोलायचे, हे पोरसवदा नटाला नक्कल पाठ करून जमत नाही. त्यासाठी थोरल्याने आधी आपला मोठेपणा तालमीबाहेर ठेवावा लागतो. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण घनश्याम म्हटले की पुढे कोल्हटकरच आठवत राहिले, हे तर्काच्या बाजूचे.

पुढची वर्षे भरभर सरतात. 1931 मध्ये सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’, 1933 मध्ये बेडेकरांचे ‘ब्रह्मकुमारी’. तोवर बोलपटांनी नाटकांचा प्रेक्षक ओढायला सुरुवात केली होती आणि बळवंतही त्याच वाटेला लागली. 1934च्या ‘कृष्णार्जुन युद्ध’ या बोलपटावर दिग्दर्शक म्हणून कोल्हटकर आणि बेडेकर अशी दोन नावे आहेत. रंगभूमीवरच्या तालमींनी जे श्रेय कागदावर ठेवले नाही, ते असे पडद्यावर उमटले, तेही निम्मे.

‘बहुरूपी’ छापून आले तेव्हा कोल्हटकर सहासष्ट वर्षांचे होते. 1959 मध्ये ते गेले. घनश्याम पुढे त्यांचे चिरंजीव चित्तरंजन यांनीही उभा केला.