लिनक्सच्या मेनूमध्ये हवं ते ॲप कसं जोडायचं?

फोनवर एखादं ॲप इन्स्टॉल केलं की त्याचा आयकॉन आपोआप ॲप्सच्या यादीत येतो. लिनक्सवरही सॉफ्टवेअर स्टोअरमधून घेतलेल्या प्रोग्रामचं तसंच होतं. पण वेबसाईटवरून थेट ॲपइमेज फाईल डाउनलोड केली, झिप उघडून प्रोग्राम वापरला किंवा स्वतः पायथॉनमध्ये एखादी स्क्रिप्ट लिहिली, तर मेनूमध्ये त्याचं नाव दिसत नाही. मग दरवेळी डाउनलोड्स फोल्डर उघडा, फाईल शोधा, डबल क्लिक करा! हा त्रास पाच मिनिटांत कायमचा संपवता येतो. उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा यांपैकी काहीही वापरत असलात तरी खालची पद्धत जवळपास सारखीच आहे.

मेनूत नाव येतं कुठून?

मेनूमधल्या प्रत्येक नावामागे एक छोटी टेक्स्ट फाईल असते. तिच्या नावाच्या शेवटी ‘डॉट डेस्कटॉप’ असं एक्स्टेन्शन असतं. प्रोग्रामचं नाव काय, आयकॉन कोणता, क्लिक केल्यावर कोणती कमांड चालवायची आणि तो कोणत्या गटात दाखवायचा, एवढीच माहिती तिच्यात असते. विंडोजमधल्या शॉर्टकटचंच हे लिनक्समधलं भावंडं म्हणा. फरक इतकाच की ही फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचता येते.

केडीई, ग्नोम, एक्सएफसीई, सिनॅमन हे सगळे डेस्कटॉप वेगवेगळे असले तरी ही फाईल सगळीकडे चालते. याचं श्रेय फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाला जातं. ग्नोमचे डेव्हलपर हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००० मध्ये तो सुरू केला. वेगवेगळ्या डेस्कटॉपसाठी समान नियम असावेत हा त्यामागचा हेतू होता.

या फाईल्स मुख्यतः दोन ठिकाणी असतात:

• सगळ्या युजर्ससाठी: ‘यूएसआर’ फोल्डरमधल्या ‘शेअर’मध्ये असलेलं ‘ॲप्लिकेशन्स’ फोल्डर. इथे बदल करायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो.
• फक्त तुमच्यासाठी: तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘डॉट लोकल’ या लपलेल्या फोल्डरमध्ये ‘शेअर’ आणि त्याच्या आत ‘ॲप्लिकेशन्स’. इथे पासवर्ड लागत नाही.

आपण नेहमी दुसरी जागा वापरायची. पहिल्या जागेतली फाईल बदलली तर प्रोग्रामचा पुढचा अपडेट आला की तुमचा बदल पुसला जाऊ शकतो. लपलेली फोल्डर्स पाहण्यासाठी फाईल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच ही बटणं एकत्र दाबा.

आधी एवढी तयारी करा

उदाहरणासाठी क्रिटा हा चित्रं काढायचा मोफत प्रोग्राम घेऊ. तो ॲपइमेज स्वरूपात मिळतो.

१. होम फोल्डरमध्ये ‘ॲप्स’ नावाचं फोल्डर इंग्रजीत तयार करा आणि डाउनलोड केलेली फाईल तिथे हलवा. डाउनलोड्स फोल्डर आपण कधीतरी साफ करतोच, मग शॉर्टकट बंद पडतो.

२. फाईलचं नाव छोटं करा. आवृत्तीचा नंबर आणि मोकळ्या जागा काढून टाका. उद्या नवी आवृत्ती आली की तिला हेच नाव द्यायचं, म्हणजे शॉर्टकट पुन्हा बनवावा लागत नाही.

३. फाईलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा आणि ती प्रोग्राम म्हणून चालवायची परवानगी द्या.

४. आता डबल क्लिक करून ती खरंच उघडते का ते पाहा. जी फाईल मुळातच चालत नाही, तिचा शॉर्टकटही चालणार नाही. उबुंटू २२.०४ पासून ‘लिबफ्यूज २’ हे पॅकेज आधीपासून बसवलेलं नसतं. अनेक ॲपइमेज फाईल्सना ते लागतं, त्यामुळे काहीच उघडलं नाही तर आधी ते इन्स्टॉल करा.

पद्धत १ : मेनू एडिटर वापरून

पहिल्यांदाच करत असाल तर हीच पद्धत निवडा.

• लिनक्स मिंट, सिनॅमन: मेनूच्या बटणावर राइट क्लिक करून ‘कॉन्फिगर’ निवडा. तिथल्या ‘मेनू’ टॅबमध्ये मेनू एडिटर उघडायचं बटण आहे.
• केडीई प्लाझ्मा: खालच्या पट्टीतल्या लाँचर बटणावर राइट क्लिक करा आणि ‘एडिट ॲप्लिकेशन्स’ निवडा. काम झालं की ‘सेव्ह’ दाबायला विसरू नका.
• एक्सएफसीई: ‘मेनूलिब्रे’ हा एडिटर वापरा. आधीपासून नसेल तर स्टोअरमधून घ्या.
• ग्नोम, म्हणजे उबुंटू आणि फेडोराचा नेहमीचा डेस्कटॉप: यात स्वतःचा मेनू एडिटर नाही. ‘अलाकार्ट’ किंवा ‘मेनूलिब्रे’ इन्स्टॉल करा.

एडिटर कोणताही असो, नवीन आयटम जोडला की तो मुख्यतः तीनच गोष्टी विचारतो: नाव, कमांड आणि आयकॉन. कमांडच्या रकान्यासमोर ‘ब्राउझ’ बटण असेल तर ते दाबून तुमची फाईल निवडा, म्हणजे पत्ता टाइप करताना चूक होणार नाही. आयकॉनसाठी पीएनजी किंवा एसव्हीजी प्रकारचं चित्र द्या. सेव्ह केलं की बहुतेक वेळा लगेच मेनूत नाव दिसतं.

पद्धत २ : फाईलमध्ये हाताने बदल

मेनू एडिटरने बनवलेली फाईल वर सांगितलेल्या ‘ॲप्लिकेशन्स’ फोल्डरमध्ये जाऊन बसते. ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. कोरी फाईल लिहिण्यापेक्षा तयार फाईलमध्ये बदल करणं केव्हाही सोपं. फाईलमधले सगळे मुख्य शब्द इंग्रजी अक्षरांतच असतात आणि त्यातली लहान-मोठी अक्षरं बदलून चालत नाही. इथे आपण त्यांचा उच्चार देतोय.

• डेस्कटॉप एन्ट्री: चौकोनी कंसातली ही सुरुवातीची ओळ. ती नसेल तर फाईल ओळखलीच जात नाही.
• टाइप: याची किंमत ‘ॲप्लिकेशन’ अशी असते.
• नेम: मेनूत दिसणारं नाव.
• एक्झेक: ई-एक्स-ई-सी या चार अक्षरांची ही सगळ्यात महत्त्वाची ओळ. क्लिक केल्यावर चालणारी कमांड इथे असते. होम फोल्डरसाठी टर्मिनलमध्ये आपण वापरतो ती लाटेसारखी खूण इथे चालत नाही, ‘होम’पासूनचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. पत्त्यात मोकळी जागा असेल तर तो दुहेरी अवतरण चिन्हात टाका.
• आयकॉन: चित्राचा पूर्ण पत्ता किंवा थीममधल्या आयकॉनचं नाव.
• टर्मिनल: प्रोग्रामला स्वतःची खिडकी असेल तर ‘फॉल्स’. तुमची पायथॉन स्क्रिप्ट काळ्या खिडकीत उत्तर छापत असेल तर ‘ट्रू’.
• कॅटेगरीज: मेनूतला गट. क्रिटासाठी ‘ग्राफिक्स’, गेमसाठी ‘गेम’, अभ्यासाच्या प्रोग्रामसाठी ‘एज्युकेशन’. प्रत्येक नावानंतर अर्धविराम द्यायचा.
• कीवर्ड्स: शोधताना उपयोगी पडणारे जादा शब्द.

एक्झेकच्या शेवटी टक्क्याची खूण आणि लहान ‘एफ’ हे अक्षर लिहिलं, तर राइट क्लिक करून एखादी फाईल या प्रोग्राममध्ये उघडताना तिचा पत्ता प्रोग्रामला मिळतो.

नाव मराठीत ठेवायचंय?

ठेवा की! नेमच्या ओळीत थेट देवनागरीत ‘चित्रकला’ लिहिलंत तरी चालतं, कारण ही फाईल युनिकोडमध्ये असते. सिस्टिमची भाषा मराठी असतानाच मराठी नाव दिसावं असं वाटत असेल, तर नेमची दुसरी ओळ जोडा आणि नेम या शब्दाला चिकटून चौकोनी कंसात एम आणि आर ही अक्षरं लिहा. हा मराठी भाषेचा कोड आहे. फक्त एक काळजी घ्या: सर्चमध्ये तुम्ही इंग्रजीत टाइप करत असाल तर कीवर्ड्समध्ये इंग्रजी नावही टाकून ठेवा.

वेबसाईटचाही शॉर्टकट बनतो

फोनवर ‘ॲड टू होम स्क्रीन’ करतो तसंच. कमांडच्या जागी ‘एक्सडीजी-ओपन’ लिहा, एक मोकळी जागा सोडा आणि वेबसाईटचा पूर्ण पत्ता द्या. क्लिक केलं की तुमच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये साईट उघडेल. क्रोममधून एखादी साईट ॲप म्हणून इन्स्टॉल केली तर क्रोमसुद्धा हीच डॉट डेस्कटॉप फाईल त्याच फोल्डरमध्ये तयार करतो.

नाव दिसत नाही किंवा क्लिक करून काही होत नाही?

• एक्झेकमधली कमांड कॉपी करून टर्मिनलमध्ये चालवा. शेवटी टक्क्याची खूण असेल तर ती वगळा. चूक असेल तर तिथे स्पष्ट संदेश येतो.
• ‘डेस्कटॉप-फाईल-व्हॅलिडेट’ ही कमांड फाईल तपासून कोणत्या ओळीत गडबड आहे ते सांगते.
• ‘ट्रायएक्झेक’ नावाची ओळ आहे का पाहा. तिथे दिलेला प्रोग्राम सापडला नाही तर मेनूत नाव येत नाही.
• सगळं बरोबर असेल तर एकदा लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करा.
• प्रोग्राम उघडल्यावर डॉकमध्ये दुसराच आयकॉन दिसत असेल, तर ‘स्टार्टअप-डब्ल्यूएम-क्लास’ ही ओळ नाही किंवा चुकीची आहे असं समजा.

आणि नको असलेलं नाव लपवायचं असेल तर? मूळ फाईलची त्याच नावाने तुमच्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि त्यात ‘नोडिस्प्ले’ची किंमत ‘ट्रू’ करा. दोन्हीकडे एकाच नावाची फाईल असेल तर तुमची फाईल वरचढ ठरते. प्रोग्राम तसाच राहतो, फक्त मेनूत दिसत नाही. पुन्हा हवा असेल तर तुमची कॉपी डिलीट करा.

ही काळजी घ्याच

एक्झेकच्या ओळीत कोणतीही कमांड लिहिता येते, हीच या फाईलची ताकद आणि हाच तिचा धोका. नाव आणि आयकॉन पीडीएफचा, पण आत मात्र इंटरनेटवरून व्हायरस उतरवणारी कमांड, असं सहज करता येतं. ही नुसती भीती नाही. २०२५ मध्ये भारतातल्या सरकारी आणि संरक्षण क्षेत्रातल्या लोकांना पीडीएफचं सोंग घेतलेल्या डॉट डेस्कटॉप फाईल्स ईमेलने पाठवल्या गेल्याचं सायबर सुरक्षा कंपन्यांनी उघड केलं. फाईल उघडली की समोर एक साधा दस्तऐवज दिसायचा आणि मागे हेरगिरी करणारा प्रोग्राम बसायचा. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने तयार केलेली बॉस लिनक्स वापरणारेही त्यात लक्ष्य होते. ‘लिनक्सवर व्हायरस येत नाही’ असं कोणी म्हणालं तर हे उदाहरण सांगा.

म्हणून ईमेल, टेलिग्राम किंवा झिपमधून आलेली डॉट डेस्कटॉप फाईल कधीही डबल क्लिक करू नका. आधी टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि एक्झेकची ओळ वाचा. ती काय करते हे कळत नसेल तर फाईल सरळ डिलीट करा. फाईल ‘विश्वासू’ ठरवायला किंवा चालवायची परवानगी द्यायला डेस्कटॉपने विचारलं, तर ‘हो’ म्हणण्याआधी ती तुम्हीच बनवलेली आहे ना, हे पाहा.

पहिला शॉर्टकट जमला की बाकीचे दोन-दोन मिनिटांत होतात. संगणक बदलला तर तुमच्या प्रोग्राम्सचं आणि ‘ॲप्लिकेशन्स’चं अशी दोन्ही फोल्डर्स नव्या मशीनवर कॉपी करा. युजरनेम तेच ठेवलंत तर पत्तेही बदलावे लागणार नाहीत आणि तुमचा मेनू जसाच्या तसा तयार मिळेल.