चित्र आले, आवाज कुठे?



२०२० च्या पर्युषणात आमच्या गावचे मंदिर बंद होते. सासूबाईंना मोबाईलवर प्रवचन दिसेना, म्हणून लॅपटॉप टीव्हीला जोडला. महाराज मोठ्या पडद्यावर आले, आवाज मात्र लॅपटॉपमधूनच बारीक येत राहिला. सासूबाई गप्प बसल्या. त्यांना वाटले, आपले कान पूर्ण गेले.

दोष वायरीचा होता. आमची निळ्या टोकाची व्हीजीए वायर. ही पद्धत आयबीएमने १९८७ मध्ये आणली, तीही संगणकाच्या मॉनिटरसाठी. तिच्या १५ पिनांतून फक्त चित्र जाते, आवाजाला वेगळी वायर लागते. (मी कॉमर्सची, पिना मोजण्यापुरतेच माझे शास्त्र!)

खरे तर संगणक आणि टीव्ही आधी एकत्रच नांदत होते. १९८२ मध्ये, म्हणजे आपल्याकडे रंगीत टीव्ही आला त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा घरगुती संगणक निघाला. त्याला स्वतःचा पडदाच नव्हता. टीव्हीला अँटेना जोडतो तिथे त्याची वायर खोचायची आणि चॅनेल लावावे तसा तो लावायचा. पुढे मॉनिटर घरोघरी आले आणि दोघांच्या चुली वेगळ्या झाल्या.

डिसेंबर २००२ मध्ये सोनी, तोशिबा, फिलिप्स अशा सात कंपन्यांनी मिळून एचडीएमआय ठरवले. पिना १९, चित्र आणि आवाज दोन्ही आकड्यांच्या रूपात एकाच वायरीतून जातात.

नातवाने ती चपट्या तोंडाची वायर आणली, रिमोटवर इनपुट बदलला. सासूबाई दचकल्याच. म्हणाल्या, "अगं, जरा हळू कर की!"