कूलर झाकण्यापूर्वी निचरा महत्त्वाचा

दिवाळी सरली आणि पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली, की परभणीत खिडक्यांबाहेर उभे असलेले लोखंडी कूलर ताडपत्रीखाली जातात. उन्हाळाभर घरघरणाऱ्या या यंत्राची आठवण मग थेट होळीच्या सुमारास होते. मधल्या काळात त्याच्या तळाशी राहिलेल्या बोटभर पाण्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. टाकीचा पत्रा सडतो तो याच काळात, आणि पुढील उन्हाळ्यात घरात शिरणाऱ्या डासांची अंडीही याच टाकीत सुरक्षित राहतात.

परभणीचे हवामान दोन्ही टोकांचे आहे. उन्हाळ्यात ४२-४३ अंशांपर्यंत चढणारा पारा हिवाळ्यात चांगलाच घसरतो. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या परिसरात डिसेंबर २०२४ मध्ये किमान तापमान ५ अंशांच्या खाली नोंदले गेले होते. तरीही थंड प्रदेशांप्रमाणे येथे नळीतील पाणी गोठून नळी फुटत नाही. येथील अडचण बर्फाची नसून साचलेल्या पाण्याची आहे.

बूच काढणे पुरेसे नाही

बहुतेक लोखंडी कूलरचे बूच टाकीच्या तळापासून थोडे वर असते. त्यामुळे बूच काढल्यावर धार थांबली, तरी टाकी रिकामी झालेली नसते. कूलर बुचाच्या बाजूला कलता करून उरलेले पाणी काढावे आणि शेवटचा ओलावा फडक्याने टिपून घ्यावा. त्यापूर्वी प्लग काढलेला असलाच पाहिजे. केवळ बटण बंद करून ओल्या पत्र्याला हात लावणे जिवावर बेतू शकते.

खरे काम यानंतर सुरू होते. डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस इजिप्ती या डासाची मादी अंडी पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या पातळीलगत टाकीच्या ओलसर भिंतीवर घालते. ही अंडी भिंतीला घट्ट चिकटतात आणि कोरड्या अवस्थेत कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात आणि साधारण ८ ते १० दिवसांत डास तयार होतो. म्हणजे दिवाळीनंतर इमानेइतबारे पाणी काढून ठेवलेला कूलरही मार्चमध्ये भरताच डासांचे आगर ठरू शकतो. म्हणून टाकीच्या चारही भिंती, विशेषतः पाण्याची रेघ उमटलेला भाग, ताठ केसांच्या ब्रशने खरवडून घासावा. हे पाणी गटारात न सोडता कोरड्या जमिनीवर ओतावे. हा डास फार लांब उडत नाही. दिवसा चावणारा डास बहुधा आपल्याच घरातला किंवा शेजारचा असतो. आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याचे आवाहन करतो, त्यात पिंप आणि रांजणांबरोबर कूलरचीही गणना होते.

ज्या वसाहतींत नळाला रोज पाणी येत नाही, तेथे कूलर बोअरच्या पाण्यावर चालतो. काळ्या बेसाल्ट खडकातील हे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात. उन्हाळाअखेर गवताच्या जाळ्यांवर, पंपाच्या पात्यावर आणि बुचाच्या आट्यांवर पांढरा थर दिसतो तो याचाच. पंप सोडवून व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात तासभर ठेवल्यास थर सुटतो. तो चाकूने खरवडण्याचा उद्योग करू नये. लाकडी गवताच्या जाळ्या जपून ठेवण्यात अर्थ नाही, त्या नव्या बसवणेच स्वस्त पडते. वाळ्याचे पडदे आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कागदी पॅड मात्र धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून ठेवता येतात. गंजाचे डाग घासून त्यावर रंगाचा हात द्यायलाही हीच वेळ चांगली.

झाकतानाही घाई नको. ओला कूलर प्लास्टिकमध्ये गुंडाळला तर ओलावा आत कोंडतो आणि पत्रा अधिक वेगाने गंजतो. दोन-तीन दिवस ऊन दाखवून मगच वरून आवरण घालावे, खालची बाजू हवेसाठी मोकळी सोडावी. ताडपत्री वर ताणलेली आणि उतरती हवी. अवकाळीच्या एका सरीत तिच्या खोलगट भागात पाणी साचले, तर टाकी घासण्याची सगळी मेहनत वाया!

एसीचे बाहेरचे यंत्र

थंडीत खोली उबदार करणारे ‘हॉट अँड कोल्ड’ एसीही आता बाजारात मिळतात. हे एसी म्हणजे हीट पंपच. उन्हाळ्यात ते खोलीतील उष्णता बाहेर टाकतात, हिवाळ्यात वायूचा प्रवाह उलटा फिरवून बाहेरची उष्णता आत आणतात. त्यामुळे पाणी गळण्याची जागाही बदलते. उन्हाळ्यात ते खोलीतील यंत्रात जमते, हिवाळ्यात बाहेरच्या यंत्राच्या थंडगार जाळीवर. बाहेरचे तापमान ५ अंशांच्या आसपास उतरले, की या जाळीवर हिमकण धरू शकतात. ते वितळवण्यासाठी यंत्र अधूनमधून काही मिनिटे उबदार हवा थांबवते. त्या वेळी बाहेर वाफ दिसते. तिला धूर समजून धावपळ करण्याचे कारण नाही.

हे वितळलेले पाणी तळाच्या छिद्रातून खाली पडते. यंत्र भिंतीवर टांगलेले असल्यास छिद्राला कोपरा आणि नळी जोडून घ्यावी, अन्यथा पाणी शेजाऱ्याच्या सज्जावर ठिबकत राहते. नळीला सलग उतार असावा, मध्ये झोळ नसावा आणि तिचे टोक बादलीतील पाण्यात बुडालेले नसावे. थंडी सुरू होण्यापूर्वी वीज बंद करून तळात तांब्याभर पाणी ओतावे. ते लगेच बाहेर आले नाही, तर छिद्रात धूळ किंवा पालापाचोळा अडकला आहे असे समजावे. मानवत, सेलू भागात जिनिंगच्या जवळ राहणाऱ्यांनी जाळीवर बसणाऱ्या कापसाच्या तंतूंकडेही लक्ष द्यावे, कारण कापसाचा हंगाम आणि थंडी एकाच वेळी येतात. तंतू मऊ ब्रशने झाडावेत. पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास पातळ पत्र्या वाकतात.

फक्त थंड हवा देणाऱ्या एसीसाठी एवढा खटाटोप लागत नाही. हंगामाच्या अखेरीस आतील ताटली व नळी धुऊन घ्यावी आणि कोरड्या दिवशी काही तास नुसता पंखा चालवून ओलावा घालवावा.

कूलर मार्चमध्ये उघडल्यावर टाकी पुन्हा एकदा घासावी, पाणी भरून पंप चालवून पाहावा आणि ते पहिले पाणी ओतून द्यावे. पंप बसवणाऱ्याकडून अर्थिंगची तारही त्याच वेळी तपासून घ्यावी.