झाकलेली जखम

लातुरास नांदेड, बीड, धाराशिवकडील मुले शिकावयास येतात. भर वैशाखात एखादा मुलगा लांब बाह्यांचा सदरा उतरवीत नाही, जखमेविषयी विचारताच 'पडलो' म्हणतो, चारचौघांत बसणे टाळतो. असली जखम कित्येकदा त्याने स्वतःच केलेली असते. बहुधा मरावे म्हणून नव्हे, तर आवरेनासे झालेले दुःख क्षणभर थोपवावे म्हणून. तरीही पुढे जिवाला धोका संभवतो.

जखम झाकण्याच्या या सवयीस कायद्याचाही हातभार लागला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे ३०९ वे कलम आत्महत्येचा प्रयत्न हा अपराध मानी. साहजिकच घरची माणसे डॉक्टरच्या आधी फौजदाराची धास्ती घेत. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात हे कलम घटनाबाह्य ठरविले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा मनुष्यावर तीव्र ताण होता असे गृहीत धरून शासनावर त्याच्या शुश्रूषेचा भार टाकला. पुढे १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत ते जुने कलम राहिले नाही.

कायदा वळला, घरे मात्र अजून कुजबुजतात. जखम दिसली तर बापाने रागे भरू नये, 'पुन्हा करणार नाही' अशी शपथही घालू नये. 'फार जड जाते आहे का, बाळा?' एवढे विचारून ऐकावे, आणि डॉक्टरकडे सोबत जावे. २०२२ पासून 'टेली मानस' चा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र, विनामूल्य चालतो. तेथे मराठीतही बोलता येते.