दरवर्षीचे गाणे

आमच्या डोंबिवलीच्या शाळेत ड्रॉइंगचे एक मास्तर आहेत. राहतात ठाण्याला, तलावपाळीजवळ. वर्षातले दहा महिने हे गृहस्थ कामापुरते बोलतात. नोव्हेंबर उजाडला, की मात्र वह्या तपासता तपासता काहीतरी गुणगुणू लागतात. एका वर्षी मी न राहवून विचारलेच.

"आमची तालीम सुरू झाली, बाई," ते म्हणाले. "हँडेलचा 'मसाया'. नाताळच्या आधी आमचा गायकवृंद तो गातो."

"दरवर्षी तेच?"

"दरवर्षी तेच. माझे वडील गात असत, आता मी गातो."

त्या डिसेंबरात मी एका संध्याकाळी तालमीला जाऊन बसले. कुणाच्या तरी घरातला लांबट दिवाणखाना, एक जुना पियानो, आणि वीसेक माणसे. कुणी बँकेतले, कुणी दवाखान्यातली नर्स, दोन कॉलेजातली पोरे. आपल्या भजनात सारे एकाच चालीवर असतात. इथे बायकांचे दोन आणि पुरुषांचे दोन, असे चार आवाज चार वाटांनी निघत. एकाने ओळ टाकली, की दुसरा ती मागून उचली, आणि चौघे शेवटी एकाच जागी येऊन भेटत. निदान भेटायचे असे ठरलेले असे. त्या संध्याकाळी एक ओळ सात वेळा मोडली. सात वेळा ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आणि कुणी कुरकूर केली नाही.

नंतर मास्तरांच्या घरी चहा झाला. त्यांच्या आई ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी मला सहज विचारले, "तुमच्या घरी काय असते, दरवर्षीचे?"

मी सांगितले, की आम्ही कल्याणला वाड्यात राहत होतो तेव्हा वडील श्रावणात श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' वाचीत. अंगण माणसांनी भरे.

"आणि आता?"

आता पोथी डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर आहे, हे मला सांगवेना. मी चहा पीत राहिले. पण तो प्रश्न गाडीत माझ्याबरोबर आला, आणि त्याच्यापायी मी बरेच वाचन केले. त्यातले थोडे आज वाचकांपुढे ठेवते.

हँडेल १६८५ साली जर्मनीत जन्मला आणि लंडनला स्थायिक झाला. आपल्या इतिहासाशी त्याच्या काळाची सांगड घालायची, तर मराठ्यांनी ठाणे घेतले १७३७ साली, आणि चिमाजी आप्पांनी वसई जिंकली १७३९ च्या मे महिन्यात. त्यानंतर दोन वर्षांनी, १७४१ च्या २२ ऑगस्टला, हँडेल 'मसाया' लिहायला बसला आणि १४ सप्टेंबरला उठला. अवघे चोवीस दिवस! शब्द बायबलमधले, चार्ल्स जेनेन्स या त्याच्या स्नेह्याने निवडून दिलेले. या प्रकाराला ऑरेटोरिओ म्हणतात. आपल्या आख्यानासारखाच तो. कथा असते, पण पडदा नाही, वेष नाही. सारे गाण्यातून उभे करायचे.

पहिला प्रयोग डब्लिन शहरात १३ एप्रिल १७४२ रोजी झाला. गर्दी इतकी अपेक्षित होती, की बायकांनी घेरदार झग्यातल्या कड्या आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावे, अशी विनंती वर्तमानपत्रातून केलेली होती. उत्पन्न दोन रुग्णालयांना आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्या कैद्यांना द्यायचे होते. त्या पैशातून १४२ माणसे सुटून घरी गेली. हल्लेलुयाचे कोरस सुरू होताच श्रोते उभे राहतात. राजा दुसरा जॉर्ज तेव्हा उठून उभा राहिला होता म्हणून, असे सांगतात. त्याला पुरावा नाही. पण चालीला पुरावा लागत नाही, माणसे अजून उठतात.

लंडनने मात्र या कृतीचे प्रथम थंडेच स्वागत केले. थिएटरात देवाचे शब्द गावेत काय, असाही वाद निघाला. तिला वर्षाचा ठरलेला दिवस मिळाला तो अनाथ मुलांमुळे. थॉमस कोरम नावाच्या दर्यावर्दी गृहस्थाने टाकून दिलेल्या अर्भकांसाठी लंडनमध्ये फाउंडलिंग हॉस्पिटल काढले. त्याची राजसनद १७३९ ची, म्हणजे आपल्या वसईच्याच सालची. तिथल्या प्रार्थनामंदिरात १ मे १७५० रोजी हँडेलने 'मसाया' केला. इतके लोक जागेवाचून परत गेले, की पंधरा दिवसांनी तो पुन्हा करावा लागला. पुढे दरवर्षीचा शिरस्ता पडला आणि तो १७७७ पर्यंत चालला. त्यातून संस्थेला सुमारे ७,००० पौंड मिळाले. मधल्या काळात हँडेलची दृष्टी गेली. मृत्युपत्रात त्याने 'मसाया'ची एक स्वच्छ प्रत त्या पोरांच्या संस्थेला लिहून दिली. ६ एप्रिल १७५९ ला त्याने तो शेवटचा ऐकला आणि १४ तारखेला तो गेला. गाणे थांबले नाही. पुढच्या वर्षाची मुले होतीच.

आता याच्या उलट गोष्ट पाहा. हँडेलच्याच साली जर्मनीतच जन्मलेला बाख हा अर्धा आमच्याच धंद्यातला, लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेत मुलांना गाणे शिकवणारा. येशूच्या दुःखभोगाचे त्याचे थोर समूहगान, 'सेंट मॅथ्यू पॅशन', १७२७ च्या गुड फ्रायडेला प्रथम गायिले गेले. दोन गायकवृंद, दोन वाद्यवृंद, तीन तासांच्या आसपासचे काम. १७५० साली बाख वारला. पॅशनला ना छापील प्रत होती, ना लाइपझिगबाहेर कुणी वाली, आणि जगाला तिचा विसर पडला. पुढे मेंडेल्सझोन नावाच्या एका मुलाला त्याच्या आजीने या संगीताची हाताने उतरलेली प्रत भेट दिली. ११ मार्च १८२९ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, बर्लिनच्या हौशी गायकांच्या संस्थेकडून त्याने ती काटछाट करून का होईना, गाऊन घेतली. आज हॉलंडमधल्या नार्डेन या लहानशा गावी १९२२ पासून ईस्टरच्या आधी ती गातात. एका आजीने जपलेली वही नसती, तर?

इथवर आल्यावर मला वाटले, ही सारी साहेबांच्या देशातली कथा झाली. पण तीच कथा आपल्या मराठीत, आपल्याच किनाऱ्यावर, याच्याही आधी घडून गेली आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि चाळीस वर्षे तिथेच राहिला. आपली पुराणे ऐकून त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून रोमन अक्षरांत. रविवारी आणि सणावारी ते गोव्याच्या चर्चमधून वाचले जाई. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापले. पुढे १६८४ साली देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोला, असे सरकारी फर्मान निघाले. तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज सापडत नाही. मग पुराण वाचले कसे? मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांतून त्याच्या हाताने उतरलेल्या प्रती राहिल्या होत्या. त्यांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली ते पुन्हा छापले, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरीत आणले. छापखान्याने जे गमावले, ते वह्या उतरणाऱ्यांनी राखले.

आणि आमच्या ठाण्याचे काय? फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश यांनी येशूच्या दुःखभोगाचे एक पुराण इकडच्या, म्हणजे मुंबई-ठाणे-वसईकडच्या ख्रिस्ती लोकांच्या मराठी बोलीत रचले. साल १६५९. बाखच्या पॅशनचाच विषय, आणि तिच्या अडुसष्ट वर्षे आधी. मी हे मास्तरांना सांगितले तेव्हा ते वही मिटून माझ्याकडे बघतच राहिले. "आमच्या बोलीत?" एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी येऊन सांगितले, "आईला सांगितलं. ती रात्रभर झोपली नाही."

श्रीधरस्वामींनी 'हरिविजय' पुरा केला तो १७०२ साली, पंढरपुरात. हँडेल आणि बाख तेव्हा सतरा वर्षांचे होते. माझ्या माळ्यावरची पोथी याच काळातली, आणि तिला काही झालेले नव्हते. ती बाजारात मिळते, ग्रंथालयात आहे. कुणी जाळली नाही, कुणी बंदी घातली नाही. आमच्या घरात ती मुकी झाली ती फक्त माझ्या आळसाने. जागा लहान, दिवस धावपळीचा, आवाज वडिलांसारखा नाही, अशी कारणे मी वीस वर्षे देत आले. ठाण्याच्या त्या दिवाणखान्यातली नर्स दिवसभराचे काम उरकून येत होती, आणि आवाज तिचाही काही वेगळा नव्हता.

यंदाच्या श्रावणात मी पोथी खाली काढली. पहिल्या दिवशी घरातली चौघे, शेजारच्या आजी, आणि शाळा सुटल्यावर मुद्दाम थांबलेले मास्तर, एवढेच श्रोते. पहिल्याच अध्यायात मी तीनदा अडखळले. एका ठिकाणी वडील जिथे श्वास घेत तिथे माझाही श्वास आपोआप थांबला, आणि पुढची ओळ दिसेना. कुणी काही बोलले नाही. मास्तर मांडीवर बोटाने ओवीचा ठेका धरून बसले होते. तो त्यांनी तसाच चालू ठेवला, आणि त्या ठेक्यात मी पुन्हा शिरले.

अध्याय संपला. आजी गुडघ्यावर हात टेकून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या,

"उद्या किती वाजता?"